बाराव्या प्रकरणाचं पाणी

"पण मास्तर, जी पोरगी शेवटचं प्रकरणच वाचत नाही, तिला मार्क द्यायचे तरी कशाचे?"

सुहास सरांनी हे उंबऱ्यातूनच विचारलं. दोन्ही हातांत पत्र्याची परात, परातीत मातीचं गाव, त्यामुळं पायानंच चप्पल काढता काढता त्यांची चांगलीच धांदल उडाली.

दस्तगीर मास्तर फाटक्या पुस्तकाच्या पाठीला पिठाची खळ लावत बसले होते. पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, तरी शाळेच्या वाचनालयातली खिळखिळी पुस्तकं अजून त्यांच्याकडंच यायची. सुहास सरही त्यांच्याच हाताखालून गेलेले.

"बस," मास्तर म्हणाले. "आधी गाव खाली ठेव. किती वेळ उचलून धरशील?"

सर बसले. आणि मग जे सुरू झाले ते थांबेचनात.

सातवीला त्यांनी यंदा आख्खी कादंबरी शिकवली होती. धरणात बुडणाऱ्या एका गावाची, बारा प्रकरणांची. नुसती वाचायची नाही, करून बघायची! कुणी नावाड्याची रोजनिशी लिहिली, कुणी सरपंचावर वर्गातच खटला चालवला. तालुक्यात असा उपक्रम आजवर कुणी केला नव्हता. हे तालुक्याला सांगितलं होतं तेही सरांनीच म्हणा.

शेवटचं प्रकरण कस्तुरी लोहारच्या गटाकडं आलं. त्यांनी परातीत गाव उभं करायचं. प्रदर्शनाच्या दिवशी एकानं शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं आणि कस्तुरीनं तांब्यातलं पाणी ओतायचं. गाव बुडालं की टाळ्या.

"आणि मंगळवारी, प्रदर्शनात, शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर, ही बया तांब्या घेऊन नुसती उभी!"

"मग?"

"मी म्हटलं, ओत. ओतेना. पुन्हा म्हटलं. तर काय म्हणावं तिनं? सर, माझं अजून अकरावंच चाललंय."

"असं?"

"कसलं अकरावं, मास्तर! अकरा प्रकरणं तिनं तीन-तीनदा वाचलीत. बारावं आलं की पुस्तक मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. याला काय म्हणायचं? अर्धवटपणाच ना?"

मास्तरांनी खळीत बोट बुडवलं.

"तू काय केलंस?"

"बोललो. सगळ्यांदेखत. जरा जास्तच बोललो. म्हटलं, एवढंही जमत नसेल तर घरी बस."

"आणि?"

"बसली."

"कधीपासून?"

"आज चौथा दिवस. आई सांगते, शाळेचं नाव काढलं की ताटावरनं उठते."

मास्तरांचा हात थांबला.

"आज तिच्याच घरी निघालो होतो," सर म्हणाले. "निम्म्या वाटेतनं इकडं वळलो. काय बोलायचं तेच कळेना. चुकलो म्हणावं, तर कादंबरीत गाव बुडतंच की हो! मी थोडंच बुडवलं? आणि बरोबर होतो म्हणावं, तर मग गेल्या चार दिवसांत मला घास का गोड लागत नाही? डोकं पार भणभणलंय."

मास्तरांनी शेजारचा पाण्यानं भरलेला तांब्या सरांपुढं सरकवला.

"ओत."

"आँ? इथं?"

"उपक्रम तुझा. गाव बुडायचंच आहे. ओत की."

सरांनी तांब्या उचलला. परातीवर वाकले. खरं तर ते गाव एवढ्या जवळून त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. वर्गात सदतीस पोरांच्या वस्तू मांडलेल्या, हातात गुणांचा तक्ता. नीटनेटकेपणाला दोन, कल्पकतेला तीन, सादरीकरणाला पाच... तक्ता भरता भरता जेवढं दिसलं तेवढंच.

नदी होती. नाव होती. शाळेच्या दारात घंटा म्हणून लोखंडी नट टांगलेला, कस्तुरीच्या बापाच्या दुकानातला असावा. नावाड्याच्या घरामागं दोन काड्या रोवलेल्या आणि त्यांना दोरा बांधलेला. दोऱ्यावर नखाएवढ्या चिंध्या. एक सदरा, एक परकर, एक झबलं.

सरांनी तांब्या कलता केला... आणि तो तसाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग ओत."

"मास्तर, कपडे वाळत घातलेत."

"बरं?"

"भिजतील ना!"

बोलून गेले आणि सर स्वतःच चपापले. घरं, देऊळ, विहीर, आख्खं गाव पाण्यात जायचं, आणि यांना काळजी कशाची, तर झबल्याची! त्यांनी तांब्या खाली ठेवला. लाज वाटून परत उचलला. परत ठेवला.

"हे काय होतंय मला?"

मास्तरांनी तांब्या घेतला, मान मागं टाकली आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा पुस्तकाला लागले.

सर बघतच राहिले. आपल्याला उत्तर मिळालं की म्हाताऱ्याला तहान लागली होती, हेही त्यांना उमगेना.

"कादंबरीत हे कपडे कुठंच नाहीत, मास्तर. मी पाच वेळा वाचलीय."

"नसतील."

"मग हिनं आणले कुठनं?"

मास्तर पुस्तकाची पाठ दाबून धरून बसले. सरांचा धीर सुटला.

"मार्क गेले खड्ड्यात!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. "मला ती पोरगी परत वर्गात पाहिजे. मी आत्ता निघतो तिच्याकडं. पण तिच्या दारात उभा राहून सांगू काय? तेवढं तरी सांगा."

मास्तरांनी परात उचलून अलगद सरांच्या हातात दिली.

"सांगायला कशाला जातोस? कपडे वाळत कुणी घातलेत, ते विचारायला जा."