तळ्यातलं हिरवं स्वप्न

फार पूर्वी, जंगलात कुणाची झोप सरली की त्याचं स्वप्न एका तळ्याकाठी यायचं आणि मग पाण्यात तरंगत राहायचं. तळं राखायची एक म्हातारी कासवीण. तिचा नेम साधा होता. बघायला कुणीही यावं, नवं स्वप्न पाण्यात सोडायचं ते बगळ्यानं, आणि पुसायचं काम तिचं एकटीचं.

एका उन्हाळ्यात तळ्यात शेवाळ माजलं. पाणमांजर येऊन म्हणालं, "कासवआजी, मी काढतो ना! फक्त शेवाळाला हात लावायची मुभा द्या." कासवीण पेंगत होती. वेगळी मुभा ठरवत कोण बसणार? "घे रे बाबा, माझे सगळेच अधिकार घे," असं पुटपुटून तिनं मान कवचात ओढली.

पाणमांजरानं मन लावून तळं आरशासारखं लख्ख केलं.

संध्याकाळी हरिणी आली. तिचं पाडस वणव्यात गेलं होतं. पण तळ्यातल्या एका स्वप्नात ते हिरव्यागार गवतात उभं असायचं, आणि ती रोज त्याला बघून जायची.

"माझं पाडस कुठंय?"

पाणमांजर म्हणालं, "ताई, ते हिरवं... मला शेवाळच वाटलं."

तळ्यावर जमलेले सगळे प्राणी त्याच्या अंगावर धावून गेले. कासवीण मध्ये पडली. "त्याला बोलू नका. त्यानं चिमूटभर मागितलं होतं. मीच आळसानं अख्खं तळं त्याच्या हाती दिलं."

त्यानंतर पाणमांजराकडे फक्त शेवाळ राहिलं. काही पुसायचं झालं, तर कासविणीलाही आधी बगळ्याला विचारावं लागे.

हरिणी मात्र रोज यायची आणि त्या स्वच्छ पाण्याकडे बघत बसायची. बघायची मुभा तिला होतीच.