कोपऱ्यातली ओल

एका गावात अंजनाक्का नावाची एक बाई होती. तिच्या सारवणाला सारं गाव नावाजायचं. शेणाचा हात जमिनीवरून फिरला की बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून उमटायच्या. सासवा नव्या सुनांना म्हणायच्या, "जा, अंजनाक्काच्या घरची जमीन बघून ये."

चाळीस वर्षं दर आठ दिवसांनी तिने ते घर सारवलं. मग तिचे गुडघे धरू लागले. उठताना ती भिंतीचा आधार घ्यायची आणि तोंडाने काहीबाही गुणगुणायची, म्हणजे कण्हणं नवऱ्याच्या कानावर जाऊ नये. शिवरामला कमी ऐकू यायचं. पण इतकंही कमी नाही.

एक दिवस तो म्हणाला, "आता पुरे झालं. घरात व्हिनाइल घालायचं."

"ते काय असतं?"

"रबरासारखी पातळ फरशी असते. तिची गुंडाळी येते. अंथरायची, चिकटवायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. काठीला फडकं लावलं की वाकायलाही नको."

"आणि सारवण?"

"सारवणाला पेन्शन."

अंजनाक्का हसली. पण त्या आठवड्यात सारवताना तिने हात जरा हळू फिरवला.

गावात जालिंदर नावाचा कारागीर होता. बारा वर्षं शहरात लोकांच्या घरी फरश्या घालून तो नुकताच परत आला होता. आई म्हातारी झाली होती, मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि दोघी इथे नि आपण तिथे हे त्याला सोसेना. गावात काम मिळालं तर राहायचं, नाही तर पुन्हा पिशवी भरायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. शिवरामचं घर हे त्याचं गावातलं पहिलं काम. आणखी दोन घरांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "आधी तिथलं बघतो, मग आमच्याकडे ये."

जालिंदरने तालुक्याच्या दुकानातून हात-हातभर लांबीचे नमुने आणले आणि ओट्यावर मांडले. शिवरामने पांढराशुभ्र, चकचकीत तुकडा उचलला. "हा बघ. हुबेहूब संगमरवर."

"म्हणजे मी राजवाड्यात भाकऱ्या थापायच्या?" अंजनाक्का म्हणाली.

जालिंदरने प्रत्येक तुकड्यावर थोडं थोडं पाणी शिंपडलं. "काकू, चपला काढून यांच्यावर उभ्या राहा. डोळ्यांनी निवडू नका, तळव्यांनी निवडा."

संगमरवरावर तिचा पाय सटकला. शिवरामने झटकन तिचा दंड धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग त्यानेच तो तुकडा उलटा करून ठेवला. शेवटी तिने मातकट रंगाचा, जरा खरखरीत तुकडा निवडला. त्यावर पाय कसा ठाम बसत होता.

"मातीवर डिंक धरत नाही," जालिंदर म्हणाला. "आधी सिमेंटचा कोबा करू. तो पुरा वाळला की वर व्हिनाइल. पहिले आठ दिवस मी पाणी मारीन, पण त्यानंतर तिथे पाण्याचा थेंब पडता कामा नये. सिमेंट वरून वाळलेलं दिसतं, पण पोटात पाणी धरून बसतं."

कोबा झाला. सामान पडवीत गेलं, देव्हाराही पडवीत गेला. एक महिना दोघांनी तिथेच काढला. शिवराम तर पाय धुऊन आला की पंच्याने तळवे कोरडे केल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. एका संध्याकाळी जालिंदरने कोब्यावर ठिकठिकाणी प्लास्टिकचे तुकडे चारी कडांनी चिकटवून ठेवले. सकाळी ते उचलून पाहिले. आत दव नव्हतं. कोबा वाळला होता. मग त्याने पडवीत व्हिनाइलची गुंडाळी सोडून पसरली.

"गाडीतून आवळून आलंय बिचारं. आजचा दिवस त्याला अंग सैल करू द्या. उद्या सकाळी घालतो."

शिवराम बाजाराला गेला. घरात अंजनाक्का एकटीच राहिली. नवी जमीन तिच्यापुढे उघडी पडली होती. त्या गावात नव्या जमिनीला पहिलं सारवण केल्याशिवाय तिच्यावर देव ठेवत नसत. तिच्या आईने ते केलं होतं, सासूने केलं होतं. देव काय कोऱ्या सिमेंटवर बसवायचे? सगळी जमीन नको, पण देव्हाऱ्याचा कोपरा तरी?

तिने मूठभर शेण कालवलं, कशीबशी बसली आणि तेवढा कोपरा सारवला. जिवाला बरं वाटलं. उठून पाहते तर हिरवा कोपरा घरभर ओरडून सांगत होता. जालिंदरला दिसलं तर? ती घाबरली. तिने एक घागर ओतली आणि घासलं. रंग जाईना. दुसरी घागर ओतली. मग फडक्याने पुसून दार सताड उघडं ठेवलं. दुपारच्या उन्हाने कोपरा पुन्हा पांढरा दिसू लागला.

सकाळी जालिंदर आला. त्याने जमिनीवरून तळहात फिरवला आणि विचारलं, "काकू, कुठे पाणी नाही ना पडलं?"

"नाही रे बाबा," अंजनाक्का म्हणाली.

जालिंदरने खाली मान घालून काम सुरू केलं. भिंतीच्या कडेने तो पातं असं चालवी, जणू कुणाचे केस कापतो आहे. डिंक पसरला, व्हिनाइल अंथरलं, वरून जड रूळ फिरवला. संध्याकाळी घर ओळखू येईना. शिवराम या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उगाच चालून आला. अंजनाक्काने काठीला फडकं बांधून जमीन पुसली, उभ्याने. शिवराम दारातून ते नुसता बघत राहिला.

वीस दिवसांनी देव्हाऱ्याचा कोपरा पुरीसारखा फुगला. अंजनाक्काने त्यावर पिठाचा डबा ठेवला. चार दिवसांनी शेजारी दुसरा फुगा आला. तिने त्यावर पाटा ठेवला. मग कुबट वास येऊ लागला, तेव्हा तिने दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

"देवापुढे दुकान मांडलंस की काय?" असं म्हणत शिवरामने डबा उचलला आणि त्याला कोपरा दिसला.

त्याने जालिंदरला बोलावलं. काम सांगून ठेवलेल्या दोघांपैकी एक, शेजारचा बाजीराव, तोही मागोमाग आला. आणखी चार माणसं दारात जमली.

"बारा वर्षं शहरात काय शिकलास रे? पुऱ्या तळायला?" शिवरामचा आवाज चढला.

"आमचं तूर्त राहू दे बाबा," बाजीराव म्हणाला. "शेणाची जमीन फुगत तरी नाही."

जालिंदर कोपऱ्यात बसला. त्याने पात्याने कड उचलली, बोट लावलं आणि नाकाशी नेलं. सिमेंटच्या बारीक भोकांत हिरवट डाग अडकला होता. बोट ओलं होतं आणि त्याला शेणाचा वास होता. त्याने मान वर करून एकदाच अंजनाक्काकडे पाहिलं. मग कड हळूच खाली दाबली.

"माझंच काहीतरी चुकलं असेल, काका," तो म्हणाला. "दुसरा माल आणून घालून देतो. आणि मग... बघतो, शहरातल्या मुकादमाला फोन करतो."

अंजनाक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जालिंदरने एक शब्द उच्चारला असता तरी तो सुटला असता. ते तिला कळत होतं, आणि त्यालाही कळत होतं. जिच्या सारवणाचे दाखले गाव देतं, त्याच बाईने सारवून घर बिघडवलं, हे चारचौघांत सांगायचं होतं. ती दाराआड सरकू लागली. पण जालिंदर पिशवीत पातं ठेवू लागला, आणि तिला ती पिशवी बघवेना.

"अहो, त्याला बोलू नका," ती म्हणाली. "त्याची काही चूक नाही. कोपरा मी सारवला. वर दोन घागरी ओतल्या. त्याने विचारलं, तर तोंडावर खोटं बोलले."

बाजीरावने उगाच घसा खाकरला. शिवराम तिच्याकडे बघत राहिला.

"अगं, महिनाभर मी तळवे पुसून पुसून आत आलो, आणि तू दोन घागरी?"

"देवांसाठी वाटलं हो. आणि मग भीती वाटली."

शिवरामने डोकं हलवलं. मग तो जालिंदरजवळ गेला आणि त्याचा हात धरला. "पोरा, चारचौघांत बोललो. आता चारचौघांतच सांगतो, माझं चुकलं. तुझ्या हातात खोट नाही."

अंजनाक्काने डोळे पुसले. "जालिंदर, तुला तर वासावरूनच कळलं होतं. का नाही बोललास?"

"काकू, आई शेतावर जायची तेव्हा मला तुमच्याकडे ठेवायची. तुमच्या हातच्या जमिनीवर रांगलोय मी." त्याने पातं पुन्हा पिशवीतून बाहेर काढलं. "पण त्या दिवशी सांगितलं असतंत ना, तर आठ दिवस थांबलो असतो. एवढंच तर होतं."

त्याने कोपऱ्यातलं व्हिनाइल सोलून काढलं, खालचा कोबा खरवडला आणि कोपरा उघडा ठेवला. दहा दिवस अंजनाक्का दारात काठी घेऊन बसली. ओल्या पायांच्या मांजरालाही तिने आत येऊ दिलं नाही. अकराव्या दिवशी जालिंदरने नवा डिंक लावून तो तुकडा बसवला. आता नीट निरखून पाहिलं तर एक बारीक सांधा दिसतो. कुणी त्याच्याविषयी विचारलं तर अंजनाक्का सांगते, "तो माझा."

काम संपलं तेव्हा बाजीराव पुन्हा दारात उभा होता. इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "मग जालिंदर, आमच्याकडे कधी येतोस?"

जालिंदरने तोंड उघडायच्या आत अंजनाक्का म्हणाली, "आधी तुझ्या बायकोला महिनाभर माहेरी धाड. मग याला बोलाव."

तात्पर्य: झाकलेली चूक आतल्या आत कुजते आणि तिचा बोल निर्दोष माणसाला लागतो. वेळीच उघडी केली, तर ती आठ दिवसांत वाळून जाते.