हौसाचं वय आणि बोलका दरवाजा

एकदा काय झालं, एका गडाला एक दरवाजा होता आणि त्या दरवाज्याला बोलता यायचं. चांगला सागवानी, अंगभर लोखंडी खिळे, आणि आवाज असा की वाटावं, कुणीतरी जातं ओढतंय. त्याच्यापुढं खोटं बोललं की त्याची बिजागरी कुरकुरायची. कुर्रर्र! म्हणून खुद्द राजासुद्धा तिथून जाताना जपून बोलायचा, बरं का.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, हा दरवाजा फौजेत नवी माणसं घ्यायचा. मुलगे घ्यायचा, मुलीही घ्यायचा. आता मध्येच "बाई कशी गं शिपाई?" असं विचारू नका. दरवाज्याला नाही पडला तो प्रश्न, तुम्हाला कशाला? तो विचारायचा एवढंच, "वय?" मिसरूड फुटलेलं पोरगं आलं, घट्ट वेण्या घातलेली पोरगी आली, की म्हणायचा, "योग्य वय. ये आत." मग संध्याकाळी फौज वाजतगाजत शिलंगणाला निघायची आणि खिंड ओलांडून पलीकडे जायची.

गडाच्या पायथ्याशी हौसा राहायची. तिची फुटाण्यांची भट्टी होती. मोहिमेवर निघालेल्या प्रत्येक शिपायाच्या कमरेला तिच्या गरम फुटाण्यांची पुरचुंडी असायची. फुटाणे खिंडीपलीकडे जायचे आणि हौसा मात्र भट्टीपाशीच. तिला फौजेत जायचं होतं. अगदी लहानपणापासून. भट्टीतला झारा ती भाल्यासारखा पेलायची, आणि मग गरम वाळू सगळीकडे उडायची.

सोळाव्या वर्षी ती वडिलांना म्हणाली, "आबा, मी जाते." तेव्हा तिची आई नुकतीच गेली होती. मागं तीन भावंडं होती, म्हादू, जना आणि पाळण्यातला केरू. आबा म्हणाले, "लहान आहेस अजून. आधी यांना सांभाळ." तिनं सांभाळलं. मग काही वर्षांनी ती म्हणाली, "आबा, आता जाते." आबा म्हणाले, "आधी यांची लग्नं होऊ देत." ती थांबली. मग लग्नं झाली, ज्याची त्याची घरं झाली, हौसाच्या कानामागचे केस पांढरे व्हायला लागले. ती म्हणाली, "आता?" आबा म्हणाले, "आता वय गेलं गं तुझं."

बघा हं पोरांनो. कालपर्यंत लवकर होतं आणि आज एकदम उशीर झाला. मग मधली वेळ कुणी खाल्ली?

हौसा असली भडकली! झारा टाकला, पदर खोचला आणि दसऱ्याच्या सकाळी गड चढायला लागली. पारावर म्हातारे बसले होते. त्यांना काय, बसायचंच काम. एकजण म्हणाला, "हौसे, या वयात भाला धरणार की काठी?"

हौसा म्हणाली, "आधी भाला धरते, काका. म्हातारी झाले की त्याचीच काठी करीन."

वर दरवाज्यापुढं पोरापोरींची रांग लागली होती. हौसाची पाळी आली. दरवाज्यानं विचारलं, "वय?"

"अडतीस."

"उशीर झाला."

"कुणाला?"

"तुला."

"आणि तू किती वर्षांचा रे?"

"तीनशे."

"तीनशे! आणि अजून नोकरीवर?"

मागची पोरं खो-खो हसली. दरवाजा खाकरला. म्हणाला, "नियम म्हणजे नियम. योग्य वय घेऊन यायचं. तुझं कुठाय?"

हौसा म्हणाली, "होतं. घरात खर्चून गेलं."

कुर्रर्र!

बिजागरी कुरकुरली! हौसा दचकली. ती तर खरंच बोलली होती, निदान तिला तसं वाटत होतं. दरवाजा म्हणाला, "खोटं. आपलं वय दुसऱ्याला दिलं म्हणून ते संपत नाही. ज्याला दिलं त्याच्यापाशी असतं. मागितलं की मिळतं. जा, घेऊन ये. पण सूर्य मावळायच्या आत. नंतर मी उघडत नाही."

मग काय! हौसा आली तशी धावत गड उतरली. मनात म्हणाली, माझंच आहे, मागायला लाज कसली?

पहिल्यांदा गेली म्हादूकडं. म्हादू लहानपणी तापानं लुळा पडला होता. हौसानं त्याला वर्षानुवर्षं पाठीवर वाहिलं, रोज पायांना तेल चोळलं, बोट धरून अंगणात चालवलं. आता तो राजाचं टपाल पोचवायचा. तीन गावं एका दमात. ती म्हणाली, "म्हादू, माझी वर्षं दे." म्हादूनं का म्हणून विचारलं नाही. "तुझीच आहेत, आक्का," म्हणाला आणि गुडघ्यांवर हात ठेवला. मग गुडघ्यांतून कोवळ्या उन्हासारखं काहीतरी त्याच्या ओंजळीत आलं. ते होतं हौसाचं वय! पण तिकडं म्हादूचे पाय थरथरायला लागले. तो मटकन खाली बसला. बसूनही ओंजळ पुढंच केलेली.

हौसा ओरडली, "ठेव, ठेव आत! आधी उभा राहा बघू."

मग ती गेली जनाकडं. जना लहानपणी बोलायचीच नाही. माणूस दिसलं की तोंड मिटून कोपऱ्यात. हौसा भट्टीपाशी बसून तिच्याशी दिवसभर बोलायची, एकटीच, उत्तर येईल म्हणून. एक दिवस आलं. तेव्हापासून जना थांबलीच नाही. आता बाजारात हौसाचे फुटाणे तीच विकायची आणि तिची आरोळी नदीपलीकडं ऐकू जायची. हौसा म्हणाली, "जने, माझी वर्षं दे." जनानं गळ्याला हात लावला, ओंजळ पुढं केली आणि तिचा आवाज गेला. सगळा बाजार गप्प झाला. गिऱ्हाईक थबकलं, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. जना नुसती हसत उभी. घे ना गं, असं डोळ्यांनी म्हणत.

हौसा म्हणाली, "नको बाई. गिळ परत. मला नाही सोसत ही शांतता."

जनानं गिळलं. आणि पहिलं काय म्हणाली असेल? "आक्का, वेडी आहेस का तू? घ्यायचं ना!"

मग उरला केरू. आई गेली तेव्हा हा एवढासा होता आणि हौसाच्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपायचा नाही. आता त्यालाच तान्ही लेक झाली होती. हौसा दारात पोचली तेव्हा तो लेकीला दंडावर घेऊन झुलवत होता. हौसा झुलवायची अगदी तसाच, एका पायावर जोर देत, मध्येच नाकानं गुणगुणत. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, बरं का. ते त्याच्या हातांत होतं. ती म्हणाली, "केरू, माझी वर्षं..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं ओंजळ केली. तेवढ्यात त्याचे हात लाकडासारखे ताठ झाले. पोरीला कसं धरायचं तेच त्याला उमगेना. पोर किंचाळली.

"परत घे!" हौसा म्हणाली. मग पोर शांत झाली. हौसा तिथंच उंबऱ्यावर बसली. सकाळपासूनचा राग आपोआप खाली उतरला. ती म्हणाली, "किती जपून ठेवलंत रे माझं वय. मी ठेवलं असतं तर गंजलं असतं. उपकार झाले तुमचे."

केरू म्हणाला, "उपकार आमचे? आक्का, तू उलटं बोलतेस."

"उलटं नाही, सुलटं नाही. पण मला फौजेत जायचंच आहे," हौसा म्हणाली आणि उठली. माया होती म्हणून तिनं हट्ट सोडला असं मुळीच समजू नका. ती रिकाम्या हातांनी पुन्हा गड चढायला लागली.

पण ती तिघं ऐकतायत होय? म्हादू मागं आला, "आक्का, थोडं तरी ने." जना आली, दोन्ही हात उंचावून भांडत. केरू आला, लेकीला कडेवर घेऊन. हौसा पुढं आणि ही वरात मागं. वर पोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

दरवाजा म्हणाला, "आणलंस वय?"

हौसानं मागं वळून पाहिलं. तिघं ओळीत उभी होती, धापा टाकत. ती पाहतच राहिली. मग म्हणाली, "आणलं."

सगळ्यांनी श्वास रोखला. आता कुरकुरणार, मग कुरकुरणार... बिजागरी गप्प!

"ओंजळीत दाखव," दरवाजा म्हणाला.

"ओंजळीत मावत नाही. हे बघ, हे चालतंय, हे भांडतंय आणि ह्यानं लेक कडेवर घेतलीय. माझं सगळं योग्य वय हेच. कामाला लागलंय, म्हणून मोकळं करून आणता आलं नाही."

बिजागरी अजून गप्प. दरवाजा पुन्हा खाकरला. मग म्हणाला, "हे नियमात बसतं का, ते विचारावं लागेल."

"विचार की."

"ज्यांनी नियम केला ते केव्हाच मेले."

"मग?"

"मग काय. ये आत. डोकं सांभाळ, दिंडी ठेंगणी आहे."

आणि दरवाज्यातली छोटी दिंडी उघडली! हौसा वाकून आत गेली. तिला भाला मिळाला, डोक्याला फेटा मिळाला. मग शिंगं वाजली, मोठा दरवाजा सताड उघडला आणि फौज शिलंगणाला बाहेर पडली. हौसा सगळ्यात शेवटच्या रांगेत होती, पण ताठ. जना तर असली ओरडत होती की शिंगं ऐकू येईनात.

तेवढ्यात चढावरून कोण आलं? आबा. हातात ताम्हण. त्या घरात आजवर कुणालाही ओवाळायचं तर हौसानंच ओवाळायचं. आबांना ताम्हण नीट धरताही येत नव्हतं. निरांजन वाऱ्यानं विझलेलं, अक्षता वाटेत सांडलेल्या, कुंकू त्यांच्याच नाकाला लागलेलं. ते लेकीपुढं उभे राहिले. बोलायला दम पुरेना.

"हौसे," ते म्हणाले, "उशीर झाला का गं?"

हौसानं त्यांच्याकडं पाहिलं.

"झाला, आबा," ती म्हणाली. "पण मी अजून निघाले नाहीये. या."

आणि तिनं कपाळ पुढं केलं.

मग फौज खिंड ओलांडून गेली. हौसा शिपाई झाली आणि पलीकडे सुखात राहिली. अलीकडे तिची भावंडं सुखात राहिली. आबा भट्टी चालवायला शिकले, सुरुवातीला बरेच फुटाणे करपवून, पण शिकले. ते सगळे आपापल्या जागी सुखात, तुम्ही आपापल्या पांघरुणात. आता कुणी चुळबुळ करायची नाही. मिटा डोळे.