गाठीचा उपास

"उपाशी ठेवली तर मरेल ना ती, महाराज?"

भिकनगिरी महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कोन?"

"गाठ."

शरयू देवस्थळीने डावी काख नकळत दाबून धरली. बाई पुण्याची मोठी शास्त्रज्ञ. पेशी स्वतःलाच कशी खाते, यावर तिने वीस वर्षं घालवली होती, परदेशांत भाषणं ठोकली होती. तीन महिन्यांपूर्वी आंघोळ करताना काखेत हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली आणि सगळं शहाणपण पाण्यात गेलं. तपासणी केली नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. परिषदेचं निमित्त काढून ती इथे आली होती. तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती आणि आता एकवीस दिवसांच्या उपासाच्या संकल्पाचं पाणी तिला महाराजांच्या हातून सोडायचं होतं.

"पेशीत जुनं, मोडकं साठतं," ती वर्गात शिकवावं तसं सांगू लागली. "उपास घडला की ती तेच खाते, त्यातून नवं बांधते. घर स्वच्छ राहतं. रोग धरत नाही."

"आन् धरल्यावर?"

शरयूने ओट्यावरची एक शेंग उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"इचारलं म्या."

"मग... गाठही तेच करते. भुकेत स्वतःचंच खाते आणि तगून राहते."

हे तिनेच कधीतरी लिहिलं होतं.

"जागची तर हालत न्हाई ना?"

"ती नाही हलत. पण पुड्या पाठवते, डोळ्यांना न दिसणाऱ्या. रक्तातून फुप्फुसात, हाडांत. तिथल्या भल्या पेशींना आपलं वळण लावते. स्वतः पोचायच्या आधी जागा तयार करून ठेवते." तिचा आवाज चिरकला. "मला फार भीती वाटते, महाराज. रात्रंदिवस वाटते. संकल्पाचं पाणी सोडा ना."

महाराज काही बोलणार, तोच खालच्या वाडीची ठकूबाई वाटी घेऊन आली. मठाची रीत जुनी. वाडीत कुणाच्याही घरचं विरजण संपलं की मठातून न्यायचं, आणि मठाने नाही म्हणायचं नाही.

महाराजांनी दह्याचं मडकं पुढे ओढलं, झाकण काढलं. पळी वर उचलली तशी तिच्या मागोमाग लांबलचक चिकट तार आली. आंबूस, कुबट वास सुटला.

शरयूने त्यांचा हातच धरला. "देऊ नका! बिघडलंय ते."

"व्हय. तीन दीस झाले. म्हून तर म्या त्यात दूध घालायचं बंद क्येलंय. उपाशी ठिवलंय. सुधरंल."

"असं कुठे सुधारतं? या तीन दिवसांत कुणाला दिलंत यातलं?"

"दिलं आसंल चार घरी."

"त्यांची भांडी पाहिलीत?"

"न्हाई बा. बगायचं म्हनलं की भ्या वाटतं." महाराजांनी मडक्यावर पुन्हा झाकण ठेवलं.

"झाकून काय होणार?" शरयू ओरडलीच. "भीती वाटते म्हणून बघायचंच नाही? तीन दिवस फुकट घालवलेत! आजच्या आज जा, भांडी उघडा. कदाचित अजून पसरलंही नसेल. पण बघितल्याशिवाय कळणार कसं?"

ठकूबाई रिकामी वाटी पदराखाली घेऊन दोन पावलं मागे सरली.



शरयूचा हात पुन्हा काखेकडे गेला.

महाराज उठले. मडकं परसात नेऊन रिकामं केलं, ओंजळभर राख टाकून घासून उन्हात पालथं घातलं. मग टोपल्यातली भाकरी काढली, वाटीभर दुधात कुस्करली आणि वाटी तिच्या हातात ठेवली.

"साडेधाची येस्टी फाट्यावर थांबती. खाऊन घे आन् नीघ."