गढूळ दिसलं की परत

एका गावात एक भोळा लिंबाजी होता. सांगितलं तेवढं चोख करायचा, हीच त्याची खोड. गावाजवळच्या रसायनाच्या कारखान्यात त्याचा मामा तुळशीराम फोरमन होता. बहिणीनं धोशाच लावला, म्हणून मामानं भाच्याला फिल्टरवर, म्हणजे माल गाळायच्या कामावर घेतलं. कारखाना तेव्हा कसाबसा चालला होता. मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर कुलूपच लागणार होतं. मग मामा काय नि भाचा काय, दोघंही घरी.

पहिल्या दिवशी रंग गाळायचा होता. मामा म्हणाला, "कापडावर राहील तो माल. खाली गळेल ते नुसतं पाणी. गटारात सोड."

"बरं मामा."

लिंबाजीनं तसंच केलं. मामा खूश.

दुसऱ्या दिवशी तुरटी गाळायची होती. लिंबाजीनं तुरटीचं पाणी गटारात सोडलं. कापडावरचा चिखल पोत्यांत भरला आणि पोती नीट शिवून ठेवली. आता बोला!

मामानं कपाळ बडवलं. "अरे गाढवा, तुरटी पाण्यात असते! चिखल फेकायचा, पाणी पिंपात भरायचं. थेंब सांडायचा नाही!"

"बरं मामा."

मग कापड चोंदलं. काही केल्या गळेचना. मामा म्हणाला, "कापड धुऊन काढ." लिंबाजीनं ते स्वच्छ धुतलं आणि धुण्याचं काळं पाणी तुरटीच्या पिंपात ओतलं. थेंब सांडला नाही.

मामा रडायचाच बाकी होता. "लिंब्या, डोळे फुटले का तुझे? गढूळ दिसलं की आत घ्यायचं नाही! आलं तिथं परत पाठवायचं. स्वच्छ आलं तरच आत. कळलं?"

"कळलं मामा."

दुसऱ्याच दिवशी ते मोठं गिऱ्हाईक यायचं होतं, कोरगावकरसाहेब. मामानं लिंबाजीला फिल्टरपासून लांब, फाटकावर उभं केलं. तिथं काय बिघडवणार, म्हणून मामा निर्धास्त.

कोरगावकरसाहेबांची गाडी रस्त्यात रुतली. ढकलता ढकलता ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले आणि तसेच फाटकाशी आले. लिंबाजीनं त्यांना खालून वर न्याहाळलं.

"गढूळ आहात. परत जा."

"अरे, मी ऑर्डर द्यायला आलोय!"

"द्या की. स्वच्छ येऊन द्या."

साहेब तणतणत माघारी फिरले. मालक बाबूशेठनी ते खिडकीतून पाहिलं आणि साहेबांच्या मागं धूम ठोकली. बाहेर जायला लिंबाजीची ना नव्हती. शेठ धावले, घसरले, चिखलात आडवे झाले, पडल्या पडल्या साहेबांचे पाय धरले. त्यांना उठवायला साहेबांचा ड्रायव्हर वाकला, तोही पडला. साहेबांना दया आली. तिघं एकमेकांना धरून फाटकाशी आले.

लिंबाजीनं आतून कडी घातली आणि जीव तोडून ओरडला, "मामा, एक परत पाठवला तर तीन आले! त्यात आपले मालक पण मिसळलेत! कसं करू? गाळून घेऊ?"

कोरगावकरसाहेब तिथूनच वळले. या वेळी त्यांना परत जा म्हणावं लागलं नाही.