मल्लकुत्र्याची परीक्षा

गोदेच्या काठी पाटलवन नावाच्या नगरावर राजा अमितवीर्याचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने मल्लकुत्र्यांच्या जातीत जन्म घेतला होता.

या जातीची कुत्री आखूड केसांची, जाड मानेची आणि रुंद जबड्याची असत. नगराबाहेर एक गोल, खोल खड्डा खणलेला होता. त्यात दोन मल्लकुत्रे सोडायचे आणि काठावर बसून त्यांच्यावर पैजा लावायच्या, हा तिथल्या प्रतिष्ठितांचा आवडता खेळ होता. पिल्लाने जरा अंग धरले की त्याचे कान मुळापासून कापत, म्हणजे झुंजीत दुसऱ्याच्या दाताला पकड मिळत नसे. शेपूटही तोडत. गुरगुरणाऱ्या पिल्लाला वेताने मारत, कारण गुरगुरणारा कुत्रा समोरच्याला सावध करतो आणि खेळाची मजा जाते. अशी वाढवलेली कुत्री एक दिवस न गुरगुरता कुणाला तरी चावत. मग लोक म्हणत, "बघा, जातच कपटी."

बोधिसत्त्वाचे कान असेच गेले, शेपूट असेच गेले. खड्ड्यात त्याला यमदंड म्हणत. पकड घ्यायची पण हाड मोडायचे नाही, एवढीच दया त्याला तिथे करता येत असे, आणि तेवढी तो करीत असे.

पुढे एका श्रमणाचा उपदेश ऐकून राजाने अहिंसेचे व्रत घेतले आणि खड्डा बंद केला. मल्लकुत्री तिथेच साखळीला बांधलेली राहिली. त्यांचे काय करायचे, हे ठरवायला सभा भरली. खड्ड्याच्या काठावर ज्याची बैठक सर्वांत पुढे असे, तो नगरश्रेष्ठी भद्रसेन सर्वांत आधी उठला.

"महाराज, ही कुत्री म्हणजे नगराला धोका आहे. मारून टाकावीत."

"पण माझे अहिंसेचे व्रत आहे," राजा म्हणाला.

"म्हणून तर महाराजांनी मारू नये. आम्ही मारतो."

सभेत कुणीतरी मोठ्याने हसले. सगळ्यांनी वळून पाहिले. भद्रसेनाची नात नंदिला खांबाजवळ उभी होती. ती आचार्यांकडे तर्क शिकलेली होती, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा पश्चात्ताप होत असे.

"आजोबा, यमदंडाच्या पहिल्या विजयाला तुम्ही पेढे वाटलेत," ती म्हणाली. "तेव्हा तो धोका नव्हता?"

"पोरी, तेव्हा तो खड्ड्यात होता."

"खड्ड्यात कुणी टाकलं होतं? तो आपणहून उतरला होता का?"

"जास्त शिकवलं की हे असं होतं," भद्रसेन शेजारच्याला म्हणाला. शेजारच्याने मान डोलावली.

राजा मनाने मऊ होता आणि निर्णय घ्यायला त्याला आवडत नसे. त्याने मधला मार्ग काढला. यमदंडाला नंदिलेने सांभाळावे. त्याची परीक्षा व्हावी. तो परीक्षेत खरा उतरला तर सगळ्यांना जीवदान, नाही तर सगळ्यांचा निकाल एकदमच.

"एकावरून सगळ्यांचा निकाल? हा कुठला न्याय, महाराज?" नंदिलेने विचारले.

पण तोवर राजा उठून गेला होता.

अशा रीतीने बोधिसत्त्व नंदिलेच्या अंगणात आला. त्याचे वाटोळे, कान नसलेले डोके पाहून तिने त्याचे नाव गाडग्या ठेवले. ती त्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढी, जखमांवर हळद दाबी आणि जोरजोरात बोलत राही. बोलणे बहुतेक आजोबांबद्दल असे. तिच्या हाताला भीतीचा वास येत नसे, हे बोधिसत्त्वाला पहिल्याच दिवशी कळले. माणसाचा असा हात त्याला माहीत नव्हता. त्याला हलवायला शेपूट नव्हते. म्हणून तो आपले जड डोके तिच्या पायावर टेकवून ठेवी, आणि त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला कळण्याजोगा नसे.

परीक्षा सुरू झाल्या. पहिल्यांदा त्याला खाटकांच्या गल्लीतून नेले. तो कुठे थांबला नाही.

"पोट भरलेलं असणार," भद्रसेन म्हणाला.

पुढच्या वेळी त्याला उपाशी ठेवून वासरांच्या गोठ्यात सोडले. वासरांनी त्याची पाठ चाटली.

"आज ऊन फार होतं. उन्हात कुत्रं मलूल पडतं."

मग थंडी पडल्यावर त्याला बाजाराच्या चौकात बसवले. पोरांनी त्याच्या अंगावर खडे मारले, एकाने त्याच्या तुटक्या शेपटाच्या बुडाशी काडी खुपसली. बोधिसत्त्वाने डोळे मिटून घेतले.

"पाहिलंत?" नंदिला ओरडली. "तुमच्यापैकी कुणाला अशी काडी खुपसली असती तर?"

"हेच तर भयंकर आहे," एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "मनात काय चाललंय, काही कळतच नाही. असा प्राणी केव्हा काय करील!"

"चावला तर वाईट, नाही चावला तर भयंकर. मग त्याने करावं तरी काय?"

"आम्ही तुझ्याहून जास्त पावसाळे पाहिलेत, पोरी."

"पाहिलेत ना! बसून पाहिलेत!"

प्रत्येक परीक्षेनंतर एक नवी परीक्षा निघे. नंदिलेचा आवाज बसत चालला. वाटेत तिला गाठून बायका म्हणत, "तुझा असेल गुणी, बाकीच्यांचा काय भरवसा?" तेच उत्तर ती पुन्हा पहिल्यापासून देई. रोज ती खड्ड्यावर जाऊन साखळदंडातल्या कुत्र्यांना पाणी दाखवी. एकदा तिथून परतल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि गाडग्याला म्हणाली, "मला कंटाळा आलाय रे. तुझा नाही. सिद्ध करायचा."

बोधिसत्त्वही थकला होता. मारापेक्षा परीक्षेने जीव जास्त शिणतो, हे त्याला या जन्मात कळले. मार संपतो तरी.

शेवटी भद्रसेन राजाला म्हणाला, "महाराज, वासरांपुढे सगळेच साधू असतात. त्याला खड्ड्यात उतरवा. समोर साखळीवरची ती काळी कुत्री, कालरात्री, आणा. झुंजीची आरोळी मी देतो. तरीही त्याने पकड घेतली नाही, तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"ही तर झुंजच झाली!" नंदिला म्हणाली. "महाराज, तुमचं व्रत?"

"झुंज नव्हे. परीक्षा," भद्रसेन म्हणाला.

राजा आपल्या अंगठीकडे पाहत राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "एकदाच होऊन जाऊ दे."

ठरलेल्या सकाळी सारे नगर खड्ड्याभोवती जमले. बंदी आल्यापासून इतकी माणसे तिथे आली नव्हती. प्रत्येकाने न विचारता आपली जुनी जागा घेतली. शेंगा विकणारेही आले. नंदिलेने गाडग्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि त्या दिवशी प्रथमच बोधिसत्त्वाला तिच्या हाताला भीतीचा वास आला.

कालरात्रीला समोरून सोडले. ती काळी, हाडकुळी कुत्री होती. बंदीनंतर तिला साखळीवरून एकदाही सोडलेले नव्हते.

भद्रसेन उठला. त्याने छाती भरून घेतली आणि "हुर्रर्र, धर!" अशी आरोळी दिली. त्या क्षणी तो वीस वर्षांनी लहान दिसला.

बोधिसत्त्वाच्या मानेवरचे केस उभे राहिले. जबडा आपोआप आवळला. देहाला जे शिकवलेले होते, ते देह विसरला नव्हता. पण समोरची कुत्री थरथरते आहे, हेही त्याला दिसले. तिला त्याच्याशी भांडायचे नव्हते. तिला फक्त आधी मरायचे नव्हते. 'मला तुझ्याशी वैर नाही,' हे एक कुत्रा दुसऱ्याला कान पाडून सांगतो, शेपूट हलवून सांगतो. त्याच्याजवळ दोन्ही नव्हते. मग उरले होते ते त्याने केले. तो खाली बसला, कुशीवर वळला आणि आपला गळा तिच्यापुढे उघडा टाकला.

कालरात्रीने झेप घेतली आणि गळ्याशेजारी खांद्यात दात रुतवले.

रक्त आले. काठावरून मोठा आवाज उठला. लोक उभे राहिले, शेंगा सांडल्या. बोधिसत्त्व हलला नाही. कालरात्रीने त्याला एकदा हिसडले, पुन्हा हिसडले. तो चिंधीसारखा हेलकावला आणि पुन्हा निपचित पडला.

तेव्हा काठावरून नंदिला ओरडली, "गाडग्या, धर! धर तिला! चाव!"

भद्रसेनाने वळून नातीकडे पाहिले. आरोळी त्याचीच होती, लकबसुद्धा तीच. नंदिलेने दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरले.

बोधिसत्त्वाने तिचा आवाज ऐकला. आयुष्यात ज्या एका माणसाचे ऐकावेसे त्याला वाटले होते, ते माणूस सांगत होते. त्याने हळूच श्वास सोडला आणि ते ऐकले नाही.

न झुंजणाऱ्याला धरून ठेवणे कालरात्रीला कुणी शिकवलेले नव्हते. तिची पकड ढिली पडली. तिने दात काढले, त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग जखमेचा. जरा वेळ ती नुसतीच उभी राहिली. नंतर त्याच्या पाठीला पाठ लावून बसली आणि काठावरच्या माणसांकडे पाहू लागली.

राजाला रडू आले. "हा कुत्रा नव्हे, कुणी महात्मा आहे," तो म्हणाला. "याला राजवाड्यात न्या. सोन्याचा पट्टा घाला."

"आणि बाकीची?" भद्रसेनाने विचारले. त्याचा आवाज आता पुन्हा म्हातारा झाला होता. "महाराज, यमदंडाबद्दल मी शब्द पाळतो. पण ती काळी चावली. सगळ्यांच्या देखत चावली."

तेव्हा बोधिसत्त्व तीन पायांवर उठला आणि मनुष्यवाणीने बोलला.

"महाराज, मी दमलो आहे, म्हणून थोडेच बोलतो. आमचे कान तुम्ही कापले. शेपूट तोडले. गुरगुरलो तर मारले. मला भीती वाटते, मला राग आला आहे, मला तू आवडतोस, यांतले काहीही सांगायला तुम्ही आमच्याजवळ काही ठेवले नाही. आणि आता विचारता, याच्या मनात काय आहे ते कळत का नाही? मी आज चावलो नाही. पण एवढ्यावरून माझी जात चांगली ठरत नाही. ही चावली, म्हणून ती वाईटही ठरत नाही. मी मी आहे, ती ती आहे. तिला साखळीला बांधून ठेवले, उपाशी ठेवले, वर आरोळी दिली. तिला घाबरण्यासारखे दुसरे काय बाकी ठेवले होते? एकेकाला सोडा, एकेकाला खाऊ घाला, मग एकेकाला पाहा. ज्याला माणसात राहवणार नाही, त्याला लांब शांत जागा द्या. एवढे जमणार नसेल तर सोन्याचा पट्टा नको. मला तिच्याशेजारची साखळी बांधा."

एवढे बोलून तो कालरात्रीजवळ जाऊन पडला.

राजाने आयुष्यात पहिल्यांदा उभ्याउभ्या निर्णय दिला. पिल्लांचे कान-शेपूट कापणाऱ्याला दंड ठरला. खड्डा बुजवला गेला. एकेक मल्लकुत्रा एकेका घरी गेला. काही रमले, काही रमले नाहीत. जे रमले नाहीत ते नदीपलीकडच्या बागेत माळ्याजवळ राहिले. कालरात्री त्यांतच होती. अनोळखी माणूस दिसला की ती अखेरपर्यंत झुडपामागे जाई, आणि तिला कुणी बोलवत नसे.

नंदिला बोधिसत्त्वाची जखम धूत असताना म्हणाली, "मीही तेच ओरडले, गाडग्या. मीही."

बोधिसत्त्व पुन्हा मनुष्यवाणीने बोलला नाही. त्याने डोके तिच्या पायावर ठेवले. तो त्यानंतर फार जगला नाही, पण त्याची परीक्षा पुन्हा कुणी घेतली नाही.

पुढच्या वर्षी नंदिलेच्या अंगणात एक मल्लपिल्लू आले, अख्ख्या कानांचे. भद्रसेन काठी टेकत आला आणि लांबून त्याच्याकडे पाहत राहिला.

"कान असे मागे का पाडतंय हे?" त्याने विचारले.

"घाबरलंय, आजोबा."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला?" म्हातारा म्हणाला. पिल्लाकडे त्याने पुन्हा एकदा नीट पाहिले. मग काठी भिंतीला टेकवली आणि दोन पावले मागे सरला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात सांगितली, कारण तिथे खंडक नावाचा एक नवा भिक्षू आला होता. त्याचे घराणे वधस्तंभावर काम करणाऱ्यांचे होते, चेहरा व्रणांनी भरलेला होता, आणि त्याच्याशेजारची आसने भोजनाच्या वेळी रिकामी राहत. "याच्या मनात काय आहे ते कळत नाही," असे ज्येष्ठ भिक्षू आपसांत म्हणत. कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, निर्णय टाळणारा तो राजा म्हणजे आज या कुजबुजीकडे काणाडोळा करणारा विहाराचा व्यवस्थापक. नगरश्रेष्ठी म्हणजे ज्याने खंडकाशेजारून आपले आसन सर्वांत आधी उचलले तो ज्येष्ठ स्थविर. भांडून घसा बसलेली नंदिला म्हणजे खंडकाची बाजू घेऊन भांडणारी भिक्षुणी सोमदत्ता, तिचा घसा अजून बसलेलाच आहे. कालरात्री म्हणजे हा खंडक. आणि यमदंड ज्याला म्हणत, तो मी होतो."

या जन्मात बोधिसत्त्वाने क्षांतिपारमिता, म्हणजे क्षमेची पराकाष्ठा, आचरली. ताज्या दमाच्या माणसाची क्षमा सोपी असते. ही थकलेल्याची क्षांती होती.