चोवीस व्होल्टचा तांबडा दिवा

फार वर्षांपूर्वी एका मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात, भिंतीवर जाळीचे दोन दिवे होते. पांढरा दोनशेतीस व्होल्टचा, जनरेटरवर झगमगणारा. तांबडा चोवीसचा, बॅटरीवरचा, कायम विझलेला. तरी तिथले जुने खलाशी रज्जाकचाचा रोज आधी तांबड्याचीच काच पुसत. पांढऱ्याला ते फार लागे.

"चाचा, यानं कधी उजेड पाडलाय का?" पांढरा विचारी.

"पाडायची वेळच न येवो, बाबा," चाचा म्हणत.

एके दुपारी इंजिनघरात पाणी घुसलं. जनरेटर बंद पडला, पांढरा विझला आणि तांबडा लागला. त्या मंद उजेडात शिडी सापडली. खाली असलेले सातही खलाशी वर चढले, चाचा सगळ्यांत शेवटी.

जहाज वाचलं. दुसऱ्या दिवशी, ऐन वेळी विझलेल्या पांढऱ्याची कीव येऊन चाचा फडकं घेऊन आधी त्याच्याकडे वळले.

"चाचा," पांढरा हळूच म्हणाला, "आधी त्याची पुसा."